योजनेच्या, पेन्शनच्या अपिलात वकिलाचा खर्च परत मिळतो का? पहिल्यांदाच भांडणाऱ्यांसाठी

"केस आमची बरोबर आहे, मग वकिलाचा खर्च त्यांनीच द्यायला पाहिजे की" हे वाक्य आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तहसील कचेरीच्या आवारात, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात, पीएफ ऑफिसच्या रांगेत कुणी ना कुणी म्हणत असतंच. म्हणणं चुकीचं नाही. पण लगेच उत्तर द्यायचं तर, खर्च कधीकधी मिळतो, न मागता जवळजवळ कधीच मिळत नाही, आणि तुम्ही कुठल्या दारात उभं आहात त्यावर सगळं अवलंबून आहे. काही दारांत खर्च द्यायचा अधिकारच नाही, तिथं कितीही भारी वकील लावा, जिंकलात तरी त्याची फी तुमच्याच खिशातनं जाणार.

गुगलवर इंग्रजीत शोधलं की बहुतेक ब्रिटनची पानं वर येतात, आणि ती वाचून पोरं घरी सांगतात की असल्या अपिलात खर्च मिळतच नाही. ते तिथलं खरं आहे, तिथल्या पहिल्या पायरीच्या ट्रिब्युनलला सामाजिक लाभाच्या अपिलात खर्चाचा आदेश काढायलाच नियमाने मनाई आहे, त्यामुळे हरलेल्याला समोरच्याची फी भरायची भीती नाही पण जिंकलेल्यालाही स्वतःची मिळत नाही. आपल्याकडे असं एकच एक ट्रिब्युनल नाही. संजय गांधी निराधारचं एक दार, पीएफचं दुसरं, कामावर अपघात झाला तर तिसरं, ग्रॅच्युइटीचं चौथं. म्हणून पहिलं काम दार ओळखायचं.

आधी बघा, तुमचा हक्क जीआरचा आहे का कायद्याचा

संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, लाडकी बहीण या योजना शासन निर्णयावर, म्हणजे जीआरवर चालतात. निराधार आणि श्रावणबाळचा अर्ज तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत जातो, तालुका समिती बसते, तहसीलदार तिचे सदस्य सचिव. नामंजूर झाला की वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, पण ही सगळी कचेरीतली सुनावणी आहे, कोर्ट नाही, आणि जीआरवरच्या अशा सुनावणीत "समोरच्याने अर्जदाराचा खर्च द्यावा" असा आदेश निघत नाही. त्यामुळे माझं स्पष्ट मत, या पातळीवर वकिलावर एक रुपया घालवू नका. महिन्याचं अनुदान 1,500 रुपये (दिव्यांगांचं आता 2,500), आणि दोन-तीन तारखांना वकील उभा केला की चार-सहा महिन्यांचं अनुदान मंजूर व्हायच्या आधीच संपलं.

तिथं काय करायचं? नामंजुरीचं कारण लेखी मागायचं. तोंडी "उत्पन्न जास्त दिसतंय काकू" एवढं सांगून परत पाठवतात, त्याला काही अर्थ नाही. लेखी दिलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तीही नाही, आणि त्यात तीनच गोष्टी मागा: तुमच्या अर्जावरचा शेरा, समितीच्या त्या सभेचं इतिवृत्त, आणि कुठल्या निकषावर नामंजूर केलं तो जीआर. 21,000 रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा कशी मोजली, मुलाचं उत्पन्न धरलं का, कुठल्या दाखल्यावरनं धरलं, हे या कागदांतनं बाहेर येतं. हाच कागद पुढे हायकोर्टात गेलात तर खर्च मागायला उपयोगी पडतो, कारण अधिकाऱ्याने डोळे झाकून नामंजूर केलंय हे त्यातच दिसतं.

दाखलाच वेळेत मिळाला नाही म्हणून अर्ज अडकला असेल (उत्पन्नाचा दाखला, रहिवासी वगैरे) तर लोकसेवा हक्क कायदा 2015 वापरा. पहिलं अपील 30 दिवसांत, तिथं नाही झालं तर दुसरं, मग आयोग. अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पण नीट ऐका, तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या हातात काही येत नाही. लोक इथं गफलत करतात, दंड झाला म्हणजे आपला खर्च निघाला असं धरून चालतात.

माहिती अधिकाराचं मात्र थोडं वेगळं आहे. तिथं दुसऱ्या अपिलात आयोगाला कलम 19(8)(ब) खाली अर्जदाराला नुकसानभरपाई द्यायला सांगता येतं, म्हणजे माहिती दिली नाही म्हणून तुमचं जे नुकसान झालं, हेलपाटे पडले, त्याची भरपाई. याला खर्चाचा आदेश म्हणत नाहीत पण पैसा तुम्हालाच येतो. आपल्याकडची दुसरी अपिलं राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातात. भरपाई हवी असेल तर अपिलातच मागा आणि हिशेब जोडा, नुसतं "त्रास झाला" लिहून आयोग काही देत नाही.

कायद्याने दिलेला हक्क असेल तर गोष्ट बदलते

आता खरा मुद्दा. कामावर अपघात, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी या सगळ्यांच्या मागे कायदा आहे, आणि यांतल्या बऱ्याच ठिकाणी निकाल देणाऱ्याला खर्च द्यायचा अधिकारही आहे.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता 2020 लागू झाली आणि जुने बरेच कायदे तिच्यात गेले. खाली मी जुनी कलमं सांगतोय कारण सध्या बोर्डावर (कोर्टाच्या यादीवर) असलेल्या केसेस बहुतेक त्याच कायद्यांतल्या आहेत. तुमचा अपघात किंवा राजीनामा त्या तारखेनंतरचा असेल तर अर्जात कलम घालण्याआधी वकिलाकडनं संहितेतला नंबर घ्या.

कामावर अपघात झाला, हात गेला, माणूस गेला, तर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923. आपल्याकडे हे अर्ज लेबर कोर्टात चालतात, तिथले न्यायाधीशच आयुक्त म्हणून बसतात. कलम 26 सरळ सांगतं की अर्जाचा सगळा खर्च कुणी द्यायचा हे आयुक्त ठरवतील. ईएसआय कायद्यात कर्मचारी विमा न्यायालयाला कलम 78 खाली तसाच अधिकार आहे. म्हणजे अधिकार आहे पण तो त्यांच्या मर्जीवर, तुम्ही मागितलं तर विचार होणार.

पण इथं बहुतेक लोक चुकीच्या पैशामागे धावतात. खर्च म्हणून मिळून मिळून काही हजार मिळतील. 1923 च्याच कायद्यात कलम 4-अ आहे, भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात मालकाने दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवली असेल तर भरपाईच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड, आणि हा दंड सरकारजमा होत नाही, कामगाराला किंवा त्याच्या घरच्यांना मिळतो. समजा 8 लाख भरपाई ठरली आणि दोन वर्षं रखडली, तर नुसतं व्याजच 1,92,000. त्यापुढे 5,000 रुपये कोर्ट खर्च म्हणजे काय? ग्रॅच्युइटीतही तसंच, उशिरा दिली तर 10 टक्के साधं व्याज, 2 लाखाला तीन वर्षांचे 60,000. त्यामुळे अर्जातल्या मागण्यांमध्ये व्याज पहिलं, दंड दुसरा, खर्च तिसरा. वकिलाने मसुदा दाखवला की शेवटच्या पानावर या तीन ओळी आहेत का बघा, बाकीचं नंतर वाचा.

मालक अपिलात गेला तर घाबरू नका. भरपाईविरुद्ध हायकोर्टात जायचं तर त्याला आधी रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते, भरल्याचं सर्टिफिकेट जोडल्याशिवाय अपील घेतच नाहीत. ग्रॅच्युइटीतही मालकाला रक्कम भरूनच अपील करता येतं. म्हणजे पैसा कुठं पळून जात नाही. त्या अपिलात तुम्ही फक्त "अपील खर्चासह फेटाळावं" असं लेखी म्हणणं द्या. हे वाक्य राहिलं की कोर्ट बहुतेक वेळा निकालाच्या शेवटी "खर्चाबाबत आदेश नाही" एवढं लिहून मोकळं होतं.

पीएफ आणि ईपीएस-95 (पीएफ सभासदांची 1995 ची पेन्शन योजना) पेन्शनवाले आपल्या जिल्ह्यात ढिगाने आहेत, साखर कारखाने, इचलकरंजीचे माग, फौंड्री, बँका, सगळीकडचे. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर अडकलंय ते वेगळं भांडण, ते अपिलाने सुटणारं नाही. पण तुमचा क्लेमच अडकवून ठेवला असेल तर दोन हत्यारं आहेत. एक, पेन्शन योजनेचा परिच्छेद 17-अ: सगळी कागदपत्रं पूर्ण असलेला क्लेम 20 दिवसांत निकाली काढायचा, विनाकारण उशीर केला तर 12 टक्के दंडव्याज, आणि ते आयुक्तांच्या पगारातनं कापता येतं. तक्रारीत हा परिच्छेद नाव घेऊन लिहिला की पत्राची भाषा बदलते, मी बघितलंय. दोन, ग्राहक आयोग. पीएफचा सभासद हा ग्राहक आहे असं सुप्रीम कोर्टाने 1999 मध्येच शिवकुमार जोशी प्रकरणात सांगितलंय.

आणि खर्च मिळायच्या दृष्टीने ग्राहक आयोग हे सगळ्यांत सोपं दार आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार स्वतः मांडता येते, आणि निकालात मूळ रक्कम, मानसिक त्रासाबद्दल इतके, तक्रारीचा खर्च इतका अशा वेगवेगळ्या ओळी लिहायची तिथं पद्धतच आहे. मुदत दोन वर्षं, ती मात्र पाळा. फक्त सरकारी नोकरीतनं रिटायर झालेल्यांनी आपली पेन्शन-ग्रॅच्युइटी घेऊन तिकडे जाऊ नये, सरकारी नोकर निवृत्तीच्या लाभांसाठी ग्राहक होत नाही असा सुप्रीम कोर्टाचा 2013 चा निकाल आहे. राज्य सरकारचे असाल तर मॅट, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि आपल्याला ते मुंबईचं. निराधार योजनेवाल्यांनीही ग्राहक आयोगात जाऊ नये, तुम्ही योजनेला पैसे भरलेले नसतात त्यामुळे ग्राहक ठरत नाही.

हायकोर्ट आता कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्याच्या समोर आहे

जीआरच्या योजनेत कचेरीतले सगळे रस्ते संपले की उरतं ते हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्धची थेट याचिका. आधी रिट म्हटलं की मुंबई, रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी फोर्टात पोचायचं आणि संध्याकाळी कळायचं की बोर्डावर मॅटर पोचलंच नाही. 1,500 रुपयांच्या पेन्शनसाठी कोण करणार हे? कुणी केलं नाही, म्हणून या योजनांचे निकालही फार नाहीत. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, भाऊसिंगजी रोडवर सीपीआरच्या समोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथं चालतं. चंदगड-आजऱ्याच्या माणसाला आता सकाळच्या एसटीने येऊन रात्री घरी जाता येतं. वकिलांच्या चाळीस वर्षांच्या आंदोलनाचा सगळ्यांत मोठा फायदा माझ्या मते मोठ्या पक्षकारांना नाही, ह्यांना आहे.

रिटमध्ये खर्च द्यायचा की नाही हे पूर्णपणे कोर्टाच्या अधिकारात. साध्या चुकीला सहसा देत नाहीत. देतात कधी? एकदा आदेश होऊनही तोच अर्ज त्याच कारणावर पुन्हा नामंजूर केला, सुनावणीच दिली नाही, सरकारी बाजूने उत्तर दाखल करायला तारखांवर तारखा घेतल्या, अशा वेळी. म्हणून याचिकेत या गोष्टी तारखेसकट एका पानात मांडा. आणखी एक, हायकोर्ट कधीकधी दणकून खर्च लावतं पण तो विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा एखाद्या निधीत भरायला सांगतं. पेपरात बातमी येते, तुमच्या खात्यात काही येत नाही. तो तुम्हाला हवा असेल तर मागणीत "अर्जदारास देण्यात यावा" असं स्पष्ट लिहायला सांगा.

दिवाणी कोर्टात असाल तर हे माहीत पाहिजे

काही केसेस फिरून फिरून दिवाणी कोर्टात जातात, वारस कोण, जन्मतारीख कुठली, कायदेशीर बायको कोण, आणि त्यावर कुटुंब पेन्शन अडलेली असते. तिथं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35. नियम असा की हरणाऱ्याने खर्च द्यायचा, आणि कोर्टाला तसं करायचं नसेल तर कारण लिहावं लागतं. प्रत्यक्षात निकालाच्या खाली "उभयतांनी आपापला खर्च सोसावा" ही ओळ इतकी सवयीची झालीय की कारण कुणी विचारतच नाही. तुमच्या वकिलाने युक्तिवादात दोन मिनिटं खर्चावर बोलायला पाहिजे, नाहीतर तीच ओळ येणार.

कलम 35-अ खाली खोट्या, त्रास द्यायला केलेल्या दाव्याबद्दल वेगळी भरपाई आहे पण तिची कमाल मर्यादा 3,000 रुपये, आणि ती अपिलात लागूच नाही. सुप्रीम कोर्टानेसुद्धा ही रक्कम तोकडी आहे हे बोलून दाखवलंय, बदललं मात्र काही नाही. 35-ब जास्त कामाचं: समोरचा तारखा खातोय, तर त्या तारखेचा तुमचा खर्च त्याच्यावर बसवता येतो आणि तो भरल्याशिवाय त्याला पुढं काम चालवता येत नाही. सरकारी वकील तिसऱ्यांदा मुदत मागतोय असं दिसलं की आपल्या वकिलाच्या कानात 35-ब सांगा. नाराज झाला तर होऊ दे.

सरकारविरुद्ध दावा करायचा तर कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते, आणि त्या नोटिशीचा खर्चसुद्धा मागता येतो.

खर्च म्हणजे नेमकं काय, आणि पुरावा कसा ठेवायचा

हा भाग सगळ्यांत कंटाळवाणा आहे पण पैसे इथंच मिळतात किंवा जातात.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 20-अ सांगतो की खर्चात नोटिशीचा खर्च, टायपिंग, रेकॉर्ड बघायची फी, साक्षीदार आणायचा खर्च (कोर्टाने समन्स काढलेलं नसलं तरी), आणि अपिलासाठी निकालाच्या नकला काढल्या त्याची फी, हे सगळं धरता येतं. सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात तर पुढे जाऊन सांगितलं की खर्च हा खरोखर झालेला वाजवी खर्च पाहिजे, त्यात गेलेला वेळ, प्रवास, राहणं हेही आलं. म्हणजे गगनबावड्याहून येणाऱ्या माणसाचं एसटीचं तिकीट, बुडालेली हजेरी, हे मागता येतं. देतील का ते पुढचं, मागायला कुणी अडवलंय?

पुरावा मात्र पाहिजे. एक साधी वही करा, तारीख, कुठं गेलो, कशाला, किती गेले. तिकिटं त्याच पानाला पिनने लावा. बायकांना अर्धं तिकीट आणि 75 वरच्यांना फुकट प्रवास आहे, ते शून्याचं तिकीटसुद्धा फेकू नका, त्या दिवशी तुम्ही आला होता याचा तो पुरावा आहे. रोजंदारी बुडाली असेल तर मुकादमाकडनं चिठ्ठी. स्टॅम्प, नक्कल फी, पोस्टाच्या पावत्या एका पाकिटात, आणि पोस्टाच्या पावतीची शाई उडते म्हणून घरी आलात की लगेच मोबाईलवर फोटो.

वकिलाच्या फीची पावती हा अवघड विषय. रोख दिली, पावती घेतली नाही, मग कोर्टापुढे ठेवणार काय? आपल्याकडे पावती मागणं म्हणजे वकीलसाहेबांवर अविश्वास दाखवणं असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. गुगल पे किंवा फोन पे करा, शेऱ्यात केसचा नंबर टाका, आणि सरळ सांगा, "साहेब, खर्च मागायचाय, फी सर्टिफिकेट लागेल." चांगला वकील हसत देतो. आणि एवढं करूनही खालच्या कोर्टात वकील फी ही ठरलेल्या तक्त्याप्रमाणे धरतात, तुम्ही 25,000 दिले म्हणून 25,000 मिळत नाहीत, तक्त्यात बसेल तेवढेच.

आता टक्केवारी. अपघात भरपाईच्या केसेसमध्ये "आत्ता काही देऊ नका, आले की वीस टक्के" असा सौदा सर्रास चालतो. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. गरजू माणसाला हा सौदा गोड वाटतो हे मला समजतं, त्याच्याकडे आत्ता द्यायला नसतंच. पण 8 लाखांचे वीस टक्के म्हणजे 1,60,000, जवळजवळ सगळं व्याज तिकडेच गेलं. आणि असल्या फीची पावती कुणी देत नाही, म्हणजे खर्च म्हणून ती मागताही येत नाही.

खर्च परत मागण्यापेक्षा तो होऊच न देणं सोपं

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12. बाई असाल, अनुसूचित जाती-जमातीतले असाल, दिव्यांग असाल, औद्योगिक कामगार असाल, तर उत्पन्न कितीही असो, वकील मोफत. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत पाहिजे. निराधार योजनेचा अर्ज करणारा माणूस यात बसणारच, त्याचं उत्पन्न योजनेच्या मर्यादेच्या आत असल्याशिवाय तो तिकडे गेलाच नसता. तरी लोक कर्ज काढून वकील लावतात, कारण फुकटचा वकील काम करत नाही असं कुणीतरी सांगितलेलं असतं. काही करत नाहीत हे खरं. पैसे देऊन लावलेलेसुद्धा काही करत नाहीत.

जिल्हा प्राधिकरण कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, तालुक्याला कोर्ट असेल तिथं तालुका समिती, आणि फोनवर 15100. आधार, रेशनकार्ड, नामंजुरीचा कागद, जातीचा किंवा दिव्यांगाचा दाखला लागू असेल तो, उत्पन्नाचा दाखला लागत असेल तो, एवढं घेऊन जा. कोर्ट फी, नोटिशीची फी, टायपिंग, नकला, हे सगळं त्यात येतं. नेमलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्या, वकील बदलून मिळतो. आणि जे तुम्ही खर्चलंच नाही ते खर्च म्हणून मागता येणार नाही हेही लक्षात असू द्या, तिकिटं आणि बुडालेला रोज तेवढा मागा.

दिवाणी दावा किंवा अपील असेल आणि प्राधिकरणाकडे जायचं नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे आदेश 33 आणि 44 आहेत, निर्धन म्हणून कोर्ट फी न भरता चालवता येतं. जिंकलात तर ती कोर्ट फी सरकार समोरच्याकडनं वसूल करतं, हरलात तर मात्र तुमच्याकडनं मागतात. मला त्यापेक्षा प्राधिकरणाचा रस्ता बरा वाटतो.

खर्च तुमच्यावरही बसू शकतो

गरीब अर्जदार हरला म्हणून त्याच्यावर सरकारचा खर्च लादला असं सहसा होत नाही. पण दोन ठिकाणी बसतो. अपिलाची मुदत टळली आणि उशीर माफ करून घ्यायचा, तर कोर्ट "अमुक रुपये खर्च भरण्याच्या अटीवर" माफ करतं. आणि तारखेला तुम्हीही नाही, वकीलही नाही, केस निकाली निघाली, तर ती पुन्हा फाईलवर घ्यायलाही तसंच. दोन्ही ठिकाणी भरायची तारीख आदेशात असते, ती चुकली तर माफी गेली. आदेश झाला त्याच दिवशी वकिलाला विचारून भरा, पावतीची पुर्सिस (कोर्टाला लेखी कळवण्याचा कागद) द्या, मग घरी जा.

तडजोडीतही सांभाळा. लोकअदालतीत तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते पण त्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे खर्चाचं काय ठरलं ते सहीच्या आधी कागदावर आणा.

निकाल हातात आल्यावर

आधी शेवटचं पान. "खर्चासह मंजूर" लिहिलंय का, आकडा आहे का, कुणी कुणाला कधीपर्यंत द्यायचा आहे. मागितलेला असूनही निकालात त्याबद्दल अक्षर नसेल तर वकिलाला लगेच विचारा की दुरुस्तीचा अर्ज चालेल का अपीलच करावं लागेल. नुसत्या खर्चासाठी अपिलात जाऊ नका, जेवढे मागताय त्यापेक्षा जास्त जातील.

त्याच आठवड्यात नक्कल अर्ज टाका. मग आदेशाची प्रत जोडून समोरच्याला रजिस्टर पोस्टाने पत्र, रक्कम, व्याज, खर्च असे तीन आकडे वेगवेगळे, खाली बँक खात्याचा नंबर. सरकारी खात्याला खाते नंबर मिळाला नाही हे फार आवडतं कारण आहे, ते आधीच काढून घ्या.

दिलं नाही तर दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज. दिवाणी हुकूमनामा सरकारविरुद्ध असेल तर कलम 82 प्रमाणे तीन महिने थांबावं लागतं, त्यानंतरच दरखास्त चालते. ग्राहक आयोगाचा आदेश असेल तर कलम 71 खाली वसुली आणि 72 खाली शिक्षेचा अर्ज, आदेश न पाळणाऱ्याला महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 25,000 दंड आहे, आणि 72 ची नोटीस गेली की चेक लवकर निघतो. ग्रॅच्युइटीत वसुलीचा दाखला कलेक्टरकडे जातो आणि जमीन महसुलासारखी वसुली होते. दरखास्तीचा खर्चसुद्धा वेगळा मागता येतो, त्यासाठी ती वही अजून बंद करू नका.